कोरड्या मुलखातील बाग

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

मृग नक्षत्र लागले की आपल्याकडे वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. शाळांच्या आवारात खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, रोपाच्या मुळाशी झारीने पाणी घातले जाते, छायाचित्र निघते आणि मुले टाळ्या वाजवितात. मी शाळामास्तर असल्यामुळे असे समारंभ पुष्कळ पाहिले आहेत, आणि टाळ्याही मनापासून वाजविल्या आहेत. परंतु काही वर्षांपूर्वी अशाच एका समारंभाच्या आदल्या दिवशी मुलांकडून खड्डे साफ करून घेत असता सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, “सर, गेल्या वर्षी पण आपण इथंच लावलं होतं ना?” मी त्याला काहीतरी उत्तर देऊन गप्प केले. पण त्याचे म्हणणे खरे होते. खड्डा गेल्या वर्षीचाच होता, त्याच्या आदल्या वर्षीचाही तोच. रोप तेवढे दरवर्षी नवे येत होते.

कमी पावसाच्या आणि कडक उन्हाच्या मुलखात घराभोवती किंवा शाळेभोवती झाडे कोणती निवडावीत आणि ती कशी लावावीत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नाही. माझ्या हातून जी झाडे मेली त्यांनी मला जे शिकविले, तेच आपणांपुढे मांडणार आहे.

माझे बालपण वसईस गेले. तेथे पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. घरामागे विहीर, वाडीत बावखल, केळीची बने, पानवेलीचे मळे आणि फुलांच्या वाड्या असा तो प्रदेश. आमच्या दारी सोनचाफा होता. पहाटे त्याची फुले काढावयाची, पानांत बांधावयाची आणि गाडीने दादरच्या फुलबाजारास पाठवावयाची, हा तेथील कित्येक घरांचा पिढीजात उद्योग. झाड लावणे ही गोष्ट अवघड असते असे मला लहानपणी कधी वाटलेच नाही. काठी रोवली तरी तिला पालवी फुटावी, अशी ती माती!

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेस, अथणी तालुक्यात आलो. एकाच जिल्ह्यात निसर्गाची दोन टोके कशी असू शकतात हे पाहावयाचे असेल तर हा जिल्हा पाहावा. पश्चिमेला खानापूरकडे घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस. आणि इकडे अथणीस वर्षाकाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, म्हणजे खानापूरच्या जेमतेम तिसरा हिस्सा. तोही एकसारखा पडत नाही. जून-जुलैमध्ये ढग वरून निघून जातात, आणि खरा पाऊस पडला तर सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत पडतो. जमीन कोठे काळी, तर कोठे मुरमाड. आणि दोन्हींत चुनखडीचे पांढरे खडे.

घर मिळाले त्याच वर्षी आईने वसईहून सोनचाफ्याचे कलम पाठविले. मी ते मोठ्या हौसेने अंगणात लावले. दररोज सकाळी तांब्याभर पाणी घालीत असे. पहिल्या वर्षी दोन-चार फुले आली. सुगंध आला आणि त्याबरोबर घरही आठवले. दुसऱ्या वर्षी पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. चुनखडीच्या जमिनीत झाडास लोह घेता येत नाही आणि मग पाने अशी पिवळी दिसतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तेव्हा मात्र पाणी कमी पडते असे समजून मी आणखी पाणी घालीत राहिलो. २०१६ च्या उन्हाळ्यात ते झाड वाळून गेले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात आमच्याजवळच्या मिरजेहून लातूरला रेल्वेगाडीने पाणी न्यावे लागले होते. माणसांना पाणी आगगाडीने पोचवावे लागत असताना माझ्या चाफ्याचे मी काय सांगावे?

तरीही मी शहाणा झालो नाही. चाफा गेला त्या जागी मी हिरवळ लावली. लहानसे अंगण, चाळीस चौरस मीटर असेल. कूपनलिकेचे पाणी होते. नळी लावून संध्याकाळी शिंपीत उभे राहणे मला फार आवडे. मग २०१९ चा मे महिना आला. कृष्णेचे पात्र आमच्या भागात कोरडे पडले. नदीत वाळू आणि खडक दिसू लागले. कोयनेचे पाणी सोडावे म्हणून कर्नाटक सरकारला महाराष्ट्राकडे मागणी करावी लागली. गावात टँकर येई आणि त्याच्यापुढे घागरींची रांग लागे. अशाच एका संध्याकाळी मी नळी धरून उभा असताना माझ्याच वर्गातील एक मुलगी फाटकाशी येऊन उभी राहिली. तिच्या कमरेवर घागर होती. “सर, एक घागर भरून घेऊ का?” एवढेच ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, याचनाही नव्हती. मी नळी तिच्या घागरीत धरली. तिने आधी थोडे पाणी घेऊन घागर विसळली. ते विसळलेले पाणी तिने जमिनीवर फेकले नाही, कुंपणाजवळच्या मेंदीच्या मुळाशी नेऊन ओतले. मग घागर भरून घेऊन ती गेली.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. शाळामास्तराची ही खोड आहे. भर उन्हाळ्यात आपल्याकडे हिरवळ जिवंत ठेवावयाची तर दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी लागते. चाळीस चौरस मीटरला दोनशे लिटर. ग्रामीण भागातील घरोघरी नळ देण्याच्या जल जीवन योजनेत, जी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाली, माणशी दिवसाला पंचावन्न लिटर पाण्याचे माप धरलेले आहे. त्या मापाने पाहिले तर माझे गवत साडेतीन माणसांचे पाणी पीत होते. आणि एखाद्या रोपट्याला पहिल्या उन्हाळ्यात पाच दिवसांतून एकदा पंधरा लिटर, म्हणजे दिवसास तीन लिटर पाणी पुरते असे धरले, तर त्याच दोनशे लिटरांत पासष्ट झाडे वाढू शकली असती. शिवाय ती तीन वर्षांनी पाणी मागणे थांबवितात. गवत कधीच थांबवीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी हिरवळीचे पाणी तोडले. आणि गंमत अशी की, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. मे महिन्यात जेथे वाळू होती तेथील गावे पाण्याखाली गेली. आमच्या हवामानाचा खरा स्वभाव हा आहे. येथे झाडाला दुष्काळही सोसावा लागतो आणि मुळाशी साचलेले पाणीही सोसावे लागते. नुसते उन्हाला टिकणारे झाड पुरत नाही.

मग कोणते झाड पुरते? हे शोधण्यासाठी रोपवाटिकेत जाण्याची घाई करू नये. एप्रिलच्या अखेरीस आपल्या गावाबाहेरच्या माळावर एक फेरी मारावी. ज्यांना कोणी पाणी घातलेले नाही, ज्यांच्या नावाने कोणी समारंभ केलेला नाही, अशी झाडे तेथे उभी असतात. मी मुलांना घेऊन अशी फेरी मारली आणि आम्हांला तीन युक्त्या आढळल्या.

पहिली युक्ती झोपेची. पळस, पांगारा, बहावा ही झाडे कोरड्या दिवसांत पाने गाळून टाकतात. पानांतूनच पाणी उडून जाते. पाने नाहीत तर खर्च नाही. अशा झाडाला ते मेले असे समजून पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांत मीही होतो.

दुसरी युक्ती खोल मुळांची. कडुनिंब आणि करंज यांना भर चैत्रात, पावसाचा थेंब पडलेला नसताना कोवळी पालवी फुटते. वरची माती तव्यासारखी तापलेली असताना ही झाडे खाली कोठेतरी ओल गाठून बसलेली असतात.

तिसरी युक्ती काटकसरीची. बाभूळ, शमी, तरवड यांची पाने पाहा, किती बारीक! कोरफडीने तर आपल्या पानातच पाण्याची साठवण केलेली असते.

या तीन युक्त्यांपैकी एकही ज्याला येत नाही, ते झाड आपल्या अंगणात आपल्या कृपेवर जगणार आणि आपण थकलो की मरणार, असे खुशाल समजावे.

आता निवडीकडे वळतो. घराच्या पश्चिमेकडील भिंत दुपारच्या उन्हाने सर्वांत जास्त तापते. म्हणून पहिले झाड त्या बाजूस लावावे, आणि ते कडुनिंब किंवा करंज असावे. भिंतीपासून पंधरा फूट आणि दोन झाडांत वीस ते पंचवीस फूट अंतर ठेवावे. आज ते अंतर ओसाड वाटते. दहा वर्षांनी पुरेसे वाटत नाही. कडुनिंबाचे बी जून-जुलैमध्ये पिकते आणि काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची शक्ती जाते, म्हणून पिकलेली निंबोळी ताजी असतानाच पेरावी. कडुनिंबाला पाणी साचलेली जमीन सोसत नाही. करंजास मात्र दुष्काळ आणि ओल दोन्ही बऱ्यापैकी सोसतात, त्यामुळे जेथे पावसाळ्यात पाणी तुंबते अशा कोपऱ्यात करंजच लावावा.

फुलांची हौस असेल तर बहावा लावावा. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा बाकी सर्व सृष्टी करपलेली असते तेव्हा तो पिवळ्या घोसांनी लवून जातो. त्याच्या बियांचे कवच फार टणक असते. ते थोडे घासून किंवा गरम पाण्यात बुडवून पेरले तरच उगवण नीट होते. लहान आवारास आपटा चांगला. दसऱ्याला दुसऱ्याची झाडे ओरबाडण्यापेक्षा दारी एक आपटा असलेला बरा. पळस वाढीस मंद आहे आणि त्याला जागेवरून हलविलेले आवडत नाही, तेव्हा त्याचे बी जागेवरच टोचावे आणि धीर धरावा.

झुडपांत माझा आवडता तरवड. आपल्या माळावर तो रस्त्याच्या कडेला उगवतो म्हणून त्याला कोणी विचारीत नाही. पूर्वी त्याच्या सालीने कातडी कमावीत. पिवळ्या फुलांनी तो असा काही फुलतो की, हेच झुडूप परदेशी नावाने कुंडीतून विकावयास आले असते तर आपण पैसे मोजून आणले असते! अडुळसा आणि निर्गुडी ही दोन झुडपे कुंपणाच्या कडेला अवश्य असावीत, कारण शेळ्या त्यांना तोंड लावीत नाहीत. आमच्याकडे दुष्काळाइतकीच झाडांना भीती शेळीची असते. कातरून ठेवावयाच्या कुंपणास मेंदी उत्तम. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची, पण आपल्याकडे चांगली रमली आहे. तिला पाणी जास्त झाले की नुसती पाने येतात आणि पाण्याची थोडी ओढ बसली की रंग येतो. कण्हेर तर कोणत्याही उन्हास दाद देत नाही. परंतु तिचे सर्व अंग विषारी असते, त्यामुळे जेथे लहान मुले किंवा गुरे वावरतात तेथे ती लावू नये. आमच्या शाळेत होती, ती मी काढविली.

आणि हिरवळीचे काय? माझे मत असे की, कोरड्या मुलखात अंगण हेच शोभेचे असते. झाडून स्वच्छ केलेले मुरमाचे किंवा सारवलेले अंगण आपल्या वाडवडिलांनी काही अज्ञानाने ठेवले नव्हते. गवत हवेच असेल तर मारवेल किंवा पवना यांसारखे माळावरचे गवत राखावे, आणि उन्हाळ्यात ते पिवळे पडले तर पडू द्यावे. पावसाच्या चार सरी आल्या की ते आपसूक हिरवे होते. पावसाळ्यात कडेने तेरडा व झेंडू आणि बाराही महिने सदाफुली, एवढा रंग पुष्कळ झाला.

काही झाडांविषयी सावधगिरीची सूचना देणेही माझे काम आहे. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटाचा. तो सुंदर आहे हे कोण नाकारील? परंतु त्याची मुळे वरवर पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात; वळवाच्या वादळात तो पडतो. छपरापासून आणि रस्त्यापासून दूर असेल तरच लावावा. वेडी बाभळ आणि घाणेरी दुष्काळाला दाद देत नाहीत हे खरे, पण त्या इतर झाडांनाही जागा देत नाहीत. अलीकडे रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि घरांच्या कडेने कोनोकार्पस नावाचे झाड फार दिसते. झटपट वाढते आणि उन्हात हिरवेगार राहते, म्हणून लोकांनी ते उचलून धरले. परंतु त्याची मुळे जमिनीतील नळांत व गटारांत शिरतात आणि परागामुळे त्रास होतो अशा तक्रारी आल्या. २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीस मनाई केली. वडोदऱ्याकडील आमच्या मराठी श्रोत्यांस हे ठाऊक असेलच. यावरून एवढेच घ्यावयाचे की, पाणी कमी लागते हा झाडाचा मोठा गुण आहे खरा, पण तेवढ्या एका गुणावर त्याला घरात घेऊ नये.

निवड झाली, आता लावणी. खड्डा पाऊस येण्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांतच खणावा आणि उन्हात तापू द्यावा. मुरमाड जमिनीत तो दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितकाच खोल असावा. खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत ठेवू नयेत, कुदळीने खडबडीत कराव्यात, म्हणजे मुळांना बाहेर वाट मिळते. नंतर त्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसेच दिसले तर ती जागा तुंबणारी आहे असे समजून तेथे थोडा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. खड्डा भरताना त्याचीच माती घ्यावी आणि तीत सुमारे चौथा हिस्सा कुजलेले शेणखत मिसळावे. खड्डा सगळा बाहेरच्या गोड मातीने भरला तर मुळे त्या गोडव्यातच गोल फिरत राहतात, बाहेरच्या कठीण जमिनीत शिरत नाहीत. मुलांचेही असेच होते, हे पालकांस सांगण्याचा मोह मी येथे आवरतो.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. दीड-दोन फुटांचे, जाड खोडाचे, सरळ मुळाचे रोप हे पिशवीत कोंबलेल्या सहा फुटी रोपापेक्षा केव्हाही चांगले. पिशवी काढल्यावर तळाशी मुळांचा वेटोळा दिसला तर तो धारदार चाकूने कापून टाकावा. मनाला बरे वाटत नाही, पण वेटोळे तसेच ठेवले तर पुढे तेच झाडाचा गळफास होते. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच मातीत असावे. खोड पुरू नये.

लावणीचा मुहूर्त पंचांगावरून किंवा पाहुण्यांच्या सवडीवरून ठरवू नये. जमीन वीतभर खोल भिजली आहे की नाही हे बोट घालून पाहावे. जेथे जूनचा पाऊस भरवशाचा आहे तेथे जूनअखेर लावावे. आमच्यासारख्या ठिकाणी उत्तरा-हस्ताची वाट पाहणे शहाणपणाचे, कारण त्यापुढे थंडीचे चार महिने रोपाला मूळ धरण्यासाठी मिळतात.

पाणी घालण्याची रीत हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तो मला कोणत्याही पुस्तकाने शिकविला नाही. आमच्या शाळेमागे मेंढरे राखणारे एक वृद्ध गृहस्थ बसत. मी रोज सकाळी तांब्या घेऊन रोपांमागे हिंडताना ते पाहत. एके दिवशी म्हणाले, “मास्तर, रोज घोटभर पानी दिल्यावर मूळ खाली कशाला जाईल? वरच वाट बघत बसंल की!” शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. खडकाळ जागी पडलेले बी लवकर उगवते आणि मूळ नसल्यामुळे उन्हाने करपते, हे मला तोंडपाठ होते. पण माझा तांब्या रोज सकाळी नेमके तेच करीत आहे, हे त्या वृद्धाने सांगेपर्यंत माझ्या ध्यानी आले नाही!

तेव्हा पाणी क्वचित द्यावे आणि भरपूर द्यावे. पहिल्या वर्षी पाच-सहा दिवसांनी दहा ते पंधरा लिटर. दुसऱ्या वर्षी दोन आठवड्यांनी वीस लिटर. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. आणि त्यानंतर बंद. आळे बुंध्याशी चिकटून करू नये. झाड वाढेल तसतसे ते बाहेर सरकवीत न्यावे. उतारावरची जागा असेल तर रोपाच्या खालच्या बाजूस अर्धचंद्राकृती बांध घालावा, म्हणजे वाहून जाणारे पाणी तेथे थबकते. आळ्यात पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा ज्वारीची धसकटे चार बोटे जाडीने पसरावीत. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी लागते.

जुने मडके हाही एक उत्तम उपाय आहे. रोपापासून वीतभर अंतरावर मातीचे कच्च्या रंगाचे, झिलई न केलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकणी ठेवावी. मडके झिरपत राहते आणि मुळे त्याच्या अंगाला येऊन भिडतात. आठवड्यातून एकदा भरले तरी चालते.

छपरावरच्या पाण्याचाही विसर पडू नये. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. हे गणित पाचवीतल्या मुलालाही येते. दोनशे चौरस मीटर छपराच्या शाळेवर वीस मिलिमीटरांची एक सर आली म्हणजे चार हजार लिटर पाणी पन्हाळीतून निघून जाते. ते चर खणून झाडांच्या ओळीकडे वळविले तर जमिनीत मुरते आणि पुढच्या कोरड्या दिवसांस उपयोगी पडते.

२०१९ च्या सप्टेंबरात मी आणि मुलांनी मिळून शाळेच्या आवारात एकवीस रोपे या रीतीने लावली. पाहुणे बोलाविले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळा ओस पडली. झाडांचा तो पहिलाच उन्हाळा. आम्ही पुरलेली मडकी त्या वेळी उपयोगी पडली. शाळेचे शिपाई आणि मी आठवड्यातून एकदा जाऊन ती भरीत असू. एकवीसपैकी सोळा झाडे जगली. पाच गेली त्यांचाही हिशेब सांगितला पाहिजे. दोन शेळ्यांनी खाल्ली, कारण काट्यांचे कुंपण घालण्यात मी आळस केला. दोन पाणी साचून कुजली, कारण त्या खड्ड्यांत पाणी ओतून पाहण्याचा कंटाळा केला. आणि एक माझ्या घराजवळच्या बाजूस होते, त्याला मी येता-जाता पाणी घालीत राहिलो. जी सोळा जगली त्यांना २०२२ च्या उन्हाळ्यानंतर कोणी पाणी घातलेले नाही. पश्चिमेच्या करंजांखाली आता दुपारच्या सुटीत मुले डबा खातात.

माझ्या अंगणाविषयी सांगून भाषण संपवितो. जेथे सोनचाफा गेला, मग हिरवळ गेली, त्या जागी मी देवचाफा लावला, काही जण त्याला खुरचाफा म्हणतात. हाही मूळचा अमेरिकेकडील उष्ण मुलखाचा. त्याची फांदी तोडून सावलीत आठवडाभर सुकू द्यावी, चीक वाळू द्यावा, आणि मग कोरड्या मातीत रोवावी. ताजी रोवली तर कुजते. हिवाळा संपता-संपता तो सगळी पाने टाकून देतो आणि हत्तीच्या सुळ्यांसारख्या बोडक्या फांद्या घेऊन उभा राहतो. पहिल्या वर्षी माझ्या शेजाऱ्यांनी मला सांत्वनाचे दोन शब्द ऐकविले. पण फांद्यांत साठविलेल्या पाण्यावर तो जगतो आणि उन्हाळ्यात पाने येण्याआधीच फुलतो.

आई मध्यंतरी येथे येऊन गेली. सोनचाफ्याची चौकशी तिने केली नाही. तिला ठाऊक होते. सकाळी अंगणात पडलेली देवचाफ्याची फुले तिने ओंजळीत गोळा केली, वास घेतला आणि म्हणाली, “सोनचाफ्याची सर नाही याला.” मी म्हणालो, “नाही.” तिने ती फुले घरात नेऊन पाण्याच्या वाटीत ठेवली. सोनचाफा वसईस आहे आणि तेथे तो सुखात आहे. येथे त्याला आणून मी त्याच्यावरही अन्याय केला होता आणि या गावच्या पाण्यावरही.

श्रोतेहो, अथणीसारखा मुलूख सोलापूरकडे आहे, विजापूरकडे आहे, बिदर-गुलबर्ग्याकडे आहे. आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा तर आमच्याहून प्रखर. प्रत्येक ठिकाणची माती निराळी, म्हणून मी सांगितलेली नावे जशीच्या तशी घेऊ नका. आपापल्या माळावरून घ्या. फक्त येत्या पावसाळ्यात रोप हाती धराल तेव्हा त्याच्याविषयी एकच प्रश्न विचारा: तिसऱ्या उन्हाळ्यानंतर माझ्या पाण्यावाचून हे जगेल काय? उत्तर ‘होय’ असेल तर लावा. आणि ‘नाही’ असेल तर ते रोप ज्या मुलखात सुखाने जगेल, तेथील माणसासाठी ठेवा.